इंजिन धुताना काय निघून जातं

मोटारसायकलच्या क्लच कव्हरवर थोडं मेटल पॉलिश लावून सुती फडक्यानं घासायला घेतलं, की मिनिटभरात फडकं काळं होतं. कव्हर आधी स्वच्छ धुतलेलं असलं तरी होतं. फडकं बदललं तरी होतं, पुन्हा पॉलिश लावलं तरी होतं. घासणाऱ्याला वाटतं, अजून मळ निघतोय, म्हणून तो हात आणखी जोरात चालवतो. मळ मात्र केव्हाच संपलेला असतो. फडक्यावर साठतं ते अ‍ॅल्युमिनियम. धातूचे आणि त्याच्या ऑक्साइडचे कण इतके बारीक असतात, की प्रकाश त्यांच्यावरून परतण्याऐवजी त्यांच्यातच अडकतो आणि चंदेरी धातू काळा दिसतो. इंजिन साफ करणं म्हणजे त्याच्यावरून काही ना काही काढून टाकणं. माती काढावी, तेलाचा चिकटा काढावा, धातू खाणारा क्षार काढावा. पण कारखान्यानं इंजिनाला दिलेला पृष्ठभाग शक्यतो तसाच राहू द्यावा. हे साधं वाटतं, पण रोजच्या व्यवहारात नेमकं उलटं घडतं. ज्या इंजिनांची कव्हरं निस्तेज, डागाळलेली आणि खडबडीत दिसतात, त्यांतल्या अनेकांचं नुकसान रस्त्यावरच्या धुळीपेक्षा चुकीच्या धुलाईनंच केलेलं असतं.

हे समजून घ्यायला जुनी बुलेट हे उत्तम उदाहरण आहे. ‘बुलेट’ हे नाव 1932 पासूनचं. इंग्लंडमधल्या रेडिच इथल्या रॉयल एनफील्डनं मद्रास मोटर्सबरोबर 1955 साली भारतात कंपनी काढली आणि मद्रासमध्ये ही गाडी तयार होऊ लागली. तिचं जुनं इंजिन शौकिनांमध्ये ‘सीआय’ म्हणून ओळखलं जातं, कारण त्याचा सिलिंडर ब्लॉक कास्ट आयर्नचा, म्हणजे बिडाचा आहे. या एका इंजिनाकडे नीट पाहिलं तर हातभर जागेत किती वेगवेगळे पृष्ठभाग आहेत ते दिसतं. ब्लॉक बिडाचा, त्याला लाल गंज चढतो. त्यावरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, त्याला लाल गंज कधीच चढत नाही. खालचा क्रँककेस, म्हणजे गॅरेजवाल्यांचा ‘चेंबर’, हाही अ‍ॅल्युमिनियमचाच, पण साच्यातून निघालेला खरखरीत आणि मॅट. उजवीकडचं टायमिंग कव्हर आणि डावीकडचं क्लचचं कव्हर त्याच धातूची, पण कारखान्यातच बफिंग करून चकचकीत केलेली. बेंड पाइप आणि सायलेन्सर पोलादाचे, वर क्रोम. मधूनमधून रबराच्या नळ्या, ऑइल सील आणि वायरी. एकच बादली, एकच ब्रश आणि एकच केमिकल घेऊन या सगळ्यांवर सारखाच हात फिरवणं म्हणजे यातल्या कुठल्या ना कुठल्या भागाला नक्की इजा करणं. नव्या गाड्यांची गोष्ट वेगळी नाही. तिथे बिडाच्या जागी काळा पावडर कोट आणि उघड्या धातूच्या जागी पारदर्शक लॅकर आलं आहे एवढंच.

यातला सर्वांत जास्त गैरसमज असलेला धातू अ‍ॅल्युमिनियम. इंजिनात तो वापरतात कारण तो बिडाच्या जवळजवळ एक तृतीयांश वजनाचा असतो आणि उष्णता त्याच्याहून बऱ्याच वेगानं वाहून नेतो. तो गंजत नाही असं सर्रास म्हटलं जातं, पण तो गंजतो, आणि गंजूनच टिकतो. उघड्या अ‍ॅल्युमिनियमला हवा लागली की क्षणार्धात त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-चार, इतकीच त्याची जाडी. पण हा पापुद्रा सलग, घट्ट चिकटलेला आणि अतिशय कठीण असतो, आणि त्याच्या आड खालचा धातू सुरक्षित राहतो. त्याची एक मर्यादा आहे. पाण्याचा पीएच साधारण 4 ते 8.5 या दरम्यान असेपर्यंतच तो तग धरतो. त्याहून तीव्र आम्ल किंवा त्याहून तीव्र अल्कली लागली की तो विरघळतो आणि धातू उघडा पडतो. स्वयंपाकघरात हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा घातलेलं किंवा बोअरचं जड पाणी उकळलं की पातेलं आतून काळवंडतं, आणि त्याच पातेल्यात चिंचेचं किंवा टोमॅटोचं सार केलं की ते पुन्हा पांढरं दिसू लागतं. ते पांढरं होणं ही स्वच्छता नसते. आम्लानं वरचा थर खाल्लेला असतो आणि तो सारात उतरलेला असतो.

इंजिनाच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. कपडे धुण्याच्या पावडरचा पीएच साधारण 10 ते 11 असतो. अंगावरच्या कपड्यांना तो चालतो, उघड्या अ‍ॅल्युमिनियमला चालत नाही. स्वस्त डिग्रीझरमध्ये कॉस्टिक सोडा असेल तर धातूवर बारीक बुडबुडे उठतात. तो फेस साबणाचा नसून रासायनिक क्रियेतून सुटणारा हायड्रोजन असतो. इंजिनाचे भाग शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचे नसतात. साच्यात नीट वाहावं आणि ताकद यावी म्हणून त्यात सिलिकॉन आणि बऱ्याचदा थोडं तांबंही मिसळलेलं असतं. कॉस्टिकनं अ‍ॅल्युमिनियम विरघळतं, पण सिलिकॉन आणि तांबं जागेवरच राहतं, आणि कव्हरवर राखाडी-काळी छटा उरते. ती पुसून जात नाही, कारण तो डाग नसून धातूतला बदल असतो. मग ही काळपट छटा घालवायला कुणीतरी अ‍ॅसिड सुचवतं. काही वॉशिंग सेंटरमध्ये इंजिन ‘पांढरं’ करणारं जे पाणी ब्रशनं फासतात, ते बहुधा पातळ केलेलं अ‍ॅसिडच असतं. दोन मिनिटांत इंजिन उजळतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण संडास साफ करण्याच्या अ‍ॅसिडसारखं त्यात क्लोराइड असेल, तर ते कडांच्या आणि स्क्रूंच्या फटींत राहून आतून खड्डे पाडत राहतं. काही आठवड्यांनी तिथे पांढरी भुकटी दिसू लागते. धुलाईचा आणि त्या भुकटीचा संबंध मात्र कुणाच्या लक्षात येत नाही, कारण मधे बरेच दिवस गेलेले असतात.

यावर एक साधा आक्षेप येतो. मळकट इंजिनही चालतंच की, मग त्याला हात लावायचाच कशाला? आक्षेप पूर्णपणे चुकीचा नाही. पातळ धुळीनं इंजिनाचं काही बिघडत नाही आणि रोज इंजिन धुणारा माणूस त्याचं भलं करत नसतो. पण हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाचं गणित पाहिलं पाहिजे. पेट्रोलमधून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानानं चौथा हिस्सा किंवा थोडा अधिक प्रत्यक्ष कामाला येतो. बाकीची उष्णता सायलेन्सरवाटे आणि इंजिनाच्या अंगातून बाहेर पडते. ती बाहेर टाकण्यासाठीच ब्लॉकला आणि हेडला फिन्स असतात. त्यांच्यामुळे हवेला लागणारा पृष्ठभाग कित्येक पट वाढतो. दोन फिन्सच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तेल, धूळ आणि चिखल यांचा लगदा वाळून बसला की हवा आतपर्यंत पोचतच नाही. कोरडी माती अ‍ॅल्युमिनियमपेक्षा शंभर पटींहून अधिक मंदगतीनं उष्णता वाहून नेते, म्हणजे तो लगदा इंजिनावर पांघरुणाचंच काम करतो. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढताना किंवा शहरातल्या कोंडीत उभं असताना हे पांघरूण महागात पडतं. दुसरं कारण आणखी व्यवहाराचं आहे. चिकट्याखाली गळणारं तेल, सैल झालेला बोल्ट, तडकलेली फिन किंवा सुटत चाललेलं पॅकिंग दिसत नाही. इंजिन स्वच्छ आणि कोरडं करून संशयाच्या जागी थोडी टाल्कम पावडर फवारली आणि गाडी थोडी चालवली, तर गळतीची ओली रेघ नेमकी कुठून सुरू होते ते उघड दिसतं. स्वच्छ इंजिन हे तपासता येणारं इंजिन असतं, आणि साफसफाईचा हा फायदा चकाकीहून मोठा आहे.

इथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा, तो म्हणजे चकचकीत इंजिन थंड राहतं हा. उष्णता प्रारणानं टाकण्याच्या बाबतीत चकचकीत अ‍ॅल्युमिनियम फार दुबळं असतं. काळा रंग दिलेल्या पृष्ठभागातून जितकी उष्णता प्रारणानं बाहेर पडते, त्याच तापमानाला चकचकीत अ‍ॅल्युमिनियममधून तिचा विसावा भागही मुश्किलीनं पडतो. धावत्या गाडीत बहुतेक उष्णता वाहती हवाच नेते, त्यामुळे हा फरक चालवताना फारसा जाणवत नाही. पण अनेक कारखाने ब्लॉक आणि हेड पातळ काळ्या रंगात देतात त्यामागे दिसण्याइतकंच हेही कारण आहे. म्हणून फिन्सवरचा मूळ काळा रंग खरवडून त्या चंदेरी करणं ही कुठल्याही अर्थानं सुधारणा नाही. फिन्सना चकाकी लागत नाही. त्यांना मोकळी हवा लागते. चकाकीची जागा कव्हरांवर आहे आणि तिथेही ती मर्यादेत शोभते.

मग माती काढायची कशी? महाराष्ट्रातली माती एका जातीची नाही. मराठवाडा-विदर्भातली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसून घट्ट बसते. कोकणातली जांभ्याची लाल धूळ रवाळ असते आणि तिच्यात लोहाचे कठीण कण असतात. कोरड्या फडक्यानं ती पुसली तर कव्हरवर बारीक ओरखडे उठतात. दोन्हींना इलाज एकच, घाई न करणं. इंजिन आधी पूर्ण थंड होऊ द्यावं. त्यावर हात ठेवून धरता आला तरच काम सुरू करावं. हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाचं हेड चालून आल्यावर दीडशे अंश सेल्सियसच्या पुढे तापलेलं असू शकतं. अशा धातूवर गार पाणी ओतलं तर तो एका बाजूनं झपाट्यानं आक्रसतो आणि त्यावर ताण येतो; बिडाला हे विशेष सोसत नाही. शिवाय पाणी लगेच उडून जातं आणि त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पांढरे ठिपके होऊन मागे राहतात. इंजिन गार झालं की आधी कोरड्या, मऊ ब्रशनं सुटी धूळ झटकावी. मग पाण्याचा हलका फवारा मारून घट्ट माती भिजू द्यावी आणि दहा-पंधरा मिनिटं थांबावं. भिजलेली काळी माती ब्रशनं सहज सुटते; न भिजलेली माती स्क्रूड्रायव्हरनं उकरली तर फिनची कड तुटते. फिन्सच्या खाचेत घालायला बांबूची कामटी सर्वांत चांगली, कारण ती अ‍ॅल्युमिनियमपेक्षा मऊ असते. पाणी मारण्याआधी सायलेन्सरचं तोंड, एअर फिल्टरची वाट आणि उघड्या वायरींचे जोड प्लास्टिकच्या पिशवीनं बांधून घ्यावेत. प्लग ज्या खळग्यात बसतो तिथून पाणी निघून जावं म्हणून बऱ्याच इंजिनांत हेडला एक बारीक छिद्र असतं. ते मातीनं बुजलेलं असेल तर तारेनं मोकळं करावं, कारण पावसाळ्यात गाडी अडखळण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

तेलकट चिकट्याचा प्रश्न आला की डिझेलचा विषय निघतोच. वर्षानुवर्षं गाड्या डिझेलनं धुतल्या जातात, त्यांना काय झालं, असं मेकॅनिक विचारतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. डिझेल आणि रॉकेल ग्रीस उत्तम विरघळवतात, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पापुद्र्याला त्यांची बाधा होत नाही. कॉस्टिकच्या तुलनेत डिझेल बरंच म्हणावं लागेल. दोष आहे तो नंतरच्या भागात. डिझेल पटकन उडत नाही. त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि गाडी रस्त्यावर आली की त्याच थरावर नवी धूळ चिकटते. धुतल्यावर काही तास इंजिन काळंभोर आणि चमकदार दिसतं ते या थरामुळेच, आणि आठवड्यात ते पहिल्यापेक्षा जास्त मळतं तेही याच थरामुळे. नळ्या आणि रबरी भागांवर डिझेल पुन्हा पुन्हा लागलं तर काही रबरं फुगतात आणि सैल होतात. म्हणून रॉकेल, डिझेल किंवा चांगला डिग्रीझर वापरायचा तो फक्त जिथे चिकटा आहे तिथेच, ब्रशनं, थोडा. मग गाडीच्या शांपूच्या सौम्य पाण्यानं तो थर पूर्ण काढून टाकायचा. पेट्रोल मात्र कधीही वापरू नये. उणे चाळीस अंशांनाही त्याची वाफ पेट घेऊ शकते. प्लगची एक ठिणगी किंवा शेजारी विडी पेटवायला ओढलेली काडी पुरेशी आहे. आणि धुतलेलं तेलकट पाणी थेट गटारात सोडू नये. वापरलेलं इंजिन ऑइल कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं, आणि इंजिनावरचा चिकटा हे त्याचंच दुसरं रूप आहे.

प्रेशर वॉशरचे समर्थक म्हणतात, की हातानं अर्धा दिवस जाईल ते काम तो पाच मिनिटांत करतो. वेळ वाचतो हे खरं. पण घरगुती वॉशरचाही दाब 100 बारच्या घरात असतो. मोटारसायकलच्या टायरमध्ये हवा असते ती दोन बारच्या आसपास. ऑइल सील आणि बेअरिंगचे सील बाहेरून उडणारं पाणी अडवण्यासाठी बनवलेले असतात, रोखून मारलेली धार अडवण्यासाठी नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 ही प्रदूषणाची मानकं लागू झाल्यावर बहुतेक मोटारसायकलींवर कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. त्याबरोबर इंजिनाभोवती सेन्सर आणि वायरींचे जोड वाढले. अशा एका जोडात पाणी शिरलं तर चमकणारी गाडी दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही. चाकांच्या मडगार्डखाली, स्टँडवर आणि फुटरेस्टवर वॉशर बिनधास्त वापरावा. इंजिनाजवळ मात्र साध्या नळीचं पाणी पुरतं, आणि वॉशर वापरायचाच असेल तर हातभर लांबून, पसरट धारेनं, सील आणि जोड टाळून. धुतल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारून फिन्स आणि प्लगचा खळगा कोरडा करावा, आणि मग इंजिन सुरू करून थोडा वेळ चालू द्यावं म्हणजे उरलेला ओलावा निघून जातो.

इथपर्यंत इंजिन स्वच्छ झालं. आता चकाकीचा विचार करता येतो. कव्हरवर हात चालवण्याआधी ते उघडं अ‍ॅल्युमिनियम आहे की त्यावर लॅकर आहे हे ठरवायला हवं, आणि त्याची कसोटी तेच काळं फडकं. कव्हरच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडं पॉलिश लावून घासावं. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे. फडकं स्वच्छ राहिलं तर वर लॅकर आहे, आणि मग धातूचं पॉलिश पूर्ण बाजूला ठेवावं, कारण ते फक्त लॅकरवर ओरखडे पाडून ते अंधुक करतं. अशा कव्हरला शांपू आणि वॅक्स पुरेसं आहे. लॅकर कुठेतरी उडालं असेल आणि त्याच्या आत किड्यानं कोरल्यासारख्या पांढऱ्या रेषा पसरत असतील, तर ते रिमूव्हरनं पूर्ण काढूनच पुढचं काम करावं लागतं; वरून काहीही लावलं तरी त्या रेषा थांबत नाहीत. उघड्या कव्हरवर फक्त मंदपणा आला असेल तर मेटल पॉलिश आणि सुती फडकं एवढंच वापरावं. ओरखडे खोल असतील तरच वॉटर पेपर हातात घ्यावा, तोही पाण्यात भिजवून. 400 नंबरपासून सुरुवात करून 600, 800, 1000 असं चढत जावं आणि प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते दिसतं. मधला नंबर गाळला की शेवटच्या चकाकीत ते ओरखडे उन्हात लख्ख दिसतात आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं.

आता ज्यांना आरशासारखी चकाकी हवी असते त्यांचं म्हणणं. गाडी त्यांची, आवड त्यांची; प्रदर्शनात ठेवायची गाडी असेल तर त्यात गैर काही नाही. पण त्यासाठी काय द्यावं लागतं हे त्यांना ठाऊक असलं पाहिजे. यंत्रावरचं बफिंग हातापेक्षा कितीतरी वेगानं धातू काढतं. चार-पाचदा बफिंग झालेल्या कव्हरच्या धारदार कडा गोल होतात, स्क्रूभोवतीच्या जागा खोलगट होतात आणि कंपनीचं ओतीव नाव पुसट होत जातं. ते नाव परत उमटवता येत नाही. क्रँककेसवरच्या इंजिन नंबरच्या जवळ तर बफिंग किंवा ब्लास्टिंग कधीही करू देऊ नये. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीच्या वेळी आरटीओत चॅसी आणि इंजिन दोन्हींचे नंबर पाहिले जातात, आणि घासून पुसट झालेला नंबर आणि मुद्दाम खोडलेला नंबर यांतला फरक तिथे पटवून देणं अवघड असतं. बफिंग करणाऱ्या कारागिराचाही विचार व्हायला हवा. त्या धुळीत धातूचे कण असतात. ती छातीत जाते, आणि अ‍ॅल्युमिनियमची बारीक धूळ हवेत दाटली तर ठिणगीनं पेटतेही. मास्क, चष्मा आणि हवा खेचणारा पंखा नसलेल्या खोलीत होणारं काम स्वस्त असतं, कारण त्याची किंमत तो कारागीर आपल्या छातीनं मोजत असतो.

खरखरीत मॅट पृष्ठभागाची गोष्ट निराळी. चेंबर आणि हेड कारखान्यातूनच मॅट आलेले असतात, आणि त्यांच्यावर पॉलिश लावलं की ते बारीक खळग्यांत अडकून पांढरट डाग पडतात. इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त होत असेल तर अशा भागांसाठी वेपर ब्लास्टिंग हा सर्वांत चांगला उपाय आहे. त्यात पाण्याबरोबर काचेचे बारीक मणी दाबानं मारले जातात. पाण्यामुळे मण्यांचा मार सौम्य होतो, आणि धातू फारसा न कापला जाता त्याला नव्या ओतकामासारखी रेशमी छटा येते. कोरडं सँड ब्लास्टिंग स्वस्त पडतं, पण वाळू मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतते आणि ऑइलच्या वाटांत शिरते. इंजिन पुन्हा बांधल्यावर तेच कण तेलाबरोबर फिरून बेअरिंग आणि बोअर खातात. म्हणून कोणतंही ब्लास्टिंग झालं तरी प्रत्येक ऑइल-वाट गरम साबणाच्या पाण्यानं धुऊन, हवा मारून तपासल्याशिवाय इंजिन बांधू नये. इंजिन उघडायचं नसेल तर ब्रश, सौम्य क्लीनर आणि धीर, एवढ्यावरच मॅट भाग समाधानकारक होतात.

काही जाणकारांचं म्हणणं याच्या अगदी उलट असतं. जुन्या यंत्रावरचा काळाचा रंग हीच त्याची शोभा आहे, त्याला हातच लावू नये, असं त्यांना वाटतं. या विचारात खरी समज आहे आणि तिचा मान ठेवायला हवा. अ‍ॅल्युमिनियमवरची एकसारखी राखाडी छटा म्हणजे जाड झालेला ऑक्साइडचा थर. तो धातूला राखतो आणि तो घालवण्याची काही गरज नसते. पण पांढरी भुकटी, फुगलेले ठिपके आणि बोटाला लागणारे खड्डे ही काळाची शोभा नव्हे. मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेतलं क्लोराइड ऑक्साइडच्या थरातल्या कच्च्या जागा शोधून तिथे शिरतं, आणि एकदा खड्डा पडला की तो आतल्या आत वाढत जातो. तिथे न घासणं म्हणजे धातू खाल्ला जाऊ देणं. म्हणून किनाऱ्यावरच्या गाडीला साध्या गोड्या पाण्यानं वरचेवर धुणं ही सर्वांत मोठी सेवा आहे. मूळ स्क्रू काढून चकाकणारे स्टेनलेसचे अ‍ॅलन बोल्ट बसवण्याची हौस असेल, तर तिथे त्यांच्या आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लावलंच पाहिजे. दोन वेगळ्या धातूंमध्ये खारं पाणी आलं की अ‍ॅल्युमिनियमच्या आट्या झिजून बोल्ट जाम होतो, आणि पुढच्या वेळी तो आट्यांसकट बाहेर येतो.

क्रोम आणि बीड यांचं थोडक्यात सांगता येईल. शोभेच्या क्रोमचा थर अनेकदा अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो आणि पोलादाला खरं राखतो तो त्याखालचा निकेलचा जाड थर. त्यामुळे क्रोमवर वॉटर पेपर किंवा भांडी घासायची तार कधीही लावू नये. बारीक लाल ठिपके असतील तर अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हातानं घासला की गंज निघतो. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्यानं ओरखडा पडत नाही. बिडाच्या ब्लॉकवरचा गंज तारेच्या ब्रशनं काढून, थिनरनं पुसून, त्यावर उष्णता सोसणारा रंग पातळ द्यावा. रंगाचे जाड थर आणि चिकट्यावरच मारलेला रंग दोन्ही वाया जातात. जाड थर उष्णता अडवतो, आणि चिकट्यावरचा रंग इंजिन तापलं की पापुद्र्यांनी सुटतो.

पॉलिश झाल्यावर काम संपलं असं बहुतेकांना वाटतं, पण ताजं घासलेलं अ‍ॅल्युमिनियम बोटांच्या घामानंही डागाळतं. त्याच दिवशी त्यावर वॅक्स चढवायला हवं. कार्नोबा वॅक्स साधारण 82 अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून ते हेडजवळ टिकत नाही, पण बाहेरच्या कव्हरांवर ते महिना-दोन महिने पाणी आणि मीठ दूर ठेवतं. त्यामुळे पुढच्या वेळी पॉलिशऐवजी नुसतं धुणं पुरतं, आणि वर्षातून एकदाच, हलक्या हातानं पॉलिश करून भागतं. चकाकी टिकवण्याचा खरा मार्ग हा आहे. वारंवार घासण्याऐवजी घासण्याची वेळ लांबवत नेणं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वॉशिंग सेंटरवर गाड्यांची रांग लागते आणि एकेका गाडीला पंधरा मिनिटंही मिळत नाहीत. त्या गर्दीत काम करणाऱ्या मुलाला दोष देऊन उपयोग नाही; त्याला मिळणाऱ्या पैशात आणि वेळात कॉस्टिक, अ‍ॅसिड आणि प्रेशर वॉशर हेच मार्ग उरतात. बदल गिऱ्हाइकानं मागितला तरच होईल. इंजिन गार होऊ दे, अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक लावू नकोस, धार लांबून मार, एवढं स्पष्ट सांगावं, आणि त्या कामाला लागणाऱ्या जास्तीच्या वेळाचे पैसेही द्यावेत. ज्यांना घरी करायचं आहे त्यांच्यासाठी क्रम सोपा आहे. आधी माती, मग चिकटा, मग फक्त धातू खाणारा गंज, आणि धातूला स्वतःला हात अगदी शेवटी, तोही जिथे लागेल तिथेच. वीस वर्षांनी त्या कव्हरवरचं नाव वाचता आलं, कडा जागेवर असल्या, फिन्समधून हवा मोकळी वाहत असली आणि बोल्ट आपल्या आट्यांत फिरत असले, तर ते इंजिन नीट राखलं गेलं असं म्हणता येईल. त्यावर उन्हाची चमक असली तर उत्तमच. नसली, तरी त्या इंजिनाचं आयुष्य कुणी घासून कमी केलेलं नसेल.